क्लासला नाव घालण्याआधी: वेगळ्या गरजा असलेल्या मुलासाठी खेळाचा वर्ग कसा निवडावा

माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा फुटबॉलच्या क्लासला घातलं. त्याला ऑटिझम आहे हे मी आधीच सांगितलं होतं. "आमच्याकडे सगळी मुलं येतात, काळजी करू नका," असं उत्तर मिळालं आणि तेवढ्यावर मी विसंबले. न्यायला गेले की विचारायचे, "त्रास देत नाही ना?" उत्तर यायचं, "अजिबात नाही. शहाणा आहे." तीन महिन्यांनी एकदा अर्धा तास आधी पोचले. मैदानावर दोन संघ पाडून खेळ रंगात आला होता आणि हा कडेला मांडी घालून सरावाचे प्लास्टिकचे शंकू एकात एक रचत बसला होता. नारिंगी संपले की पिवळे. कोणी त्याला रागावत नव्हतं, चिडवत नव्हतं. त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

तीन महिने मी चुकीचा प्रश्न विचारत होते. विचारायला हवं होतं, "आज तासाभरात तो किती वेळ खेळला?" पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचं खरं उत्तर मिळवण्यासाठी आहेत. तुम्ही या वाटेवर नवीन असाल तर त्या याच क्रमानं घ्या. घाईत मधली पायरी गाळली की ती पुढे कधीतरी आडवी येतेच.

पहिली पायरी: मुलाचं एक पान

क्लास शोधायच्या आधी कागद घ्या आणि मुलाबद्दल एकच पान लिहा. निदानाचं नाव एका ओळीत पुरे. "सेरेब्रल पाल्सी" किंवा "अतिचंचलता" एवढं ऐकून कोचना काहीच कळत नाही, कारण एकाच निदानाची दोन मुलं मैदानावर अगदी वेगळी वागतात. त्यापेक्षा तुम्हाला रोज जे दिसतं ते लिहा. माझ्या पानावर अशा ओळी होत्या:

"शिट्टी जवळून वाजली की कान झाकून खाली बसतो. दोन मिनिटं तसंच राहू दिलं की आपण होऊन उठतो. त्या वेळी हात धरून उभं करू नये."

"तोंडी तीन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच लक्षात राहते. करून दाखवलं की लगेच जमतं."

"दमला की सांगत नाही. बुटाची लेस सोडायला लागतो."

ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची ठरली. प्रत्येक मुलाची "आता पुरे" म्हणायची एक खूण असते आणि ती फक्त घरच्यांना ठाऊक असते. ती कोचना नाही कळली तर पुढचं रडणं, ढकलणं, पळून जाणं त्यांना अचानक झाल्यासारखं वाटतं.

पानावर आवडीनिवडीही हव्यात. इथे मुलालाच विचारा. बोलत नसेल तर वेगवेगळ्या खेळांची चित्रं किंवा छोटे व्हिडिओ दाखवा आणि कुठे नजर रेंगाळते ते बघा. "याच्यासाठी पोहणं चांगलं असतं" असं कोणीतरी सांगतं आणि पाण्याला घाबरणारं मूल वर्षभर काठावर कुडकुडत उभं राहतं. खेळ मुलाच्या आवडीचा असेल तर बाकीच्या अडचणींवर वाट निघते. आवडच नसेल तर उत्तम कोचचाही इलाज चालत नाही.

दुसरी पायरी: डॉक्टरांना नेमकं विचारा

"खेळायला हरकत नाही ना?" असं विचारलं की "हलकं काहीतरी करू द्या" असं उत्तर येतं. त्यावरून काही ठरवता येत नाही. खेळाचं नाव घ्या, त्यात काय काय करावं लागतं ते सांगा आणि मग विचारा.

काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. म्हणून जिम्नॅस्टिक्स, पाण्यात सूर मारणं, डोक्यानं चेंडू मारणं किंवा अंगावर आदळण्याचे खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चालण्यात अचानक फरक, हातापायांतली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही दिसलं तर खेळ थांबवून तातडीनं तपासून घ्यावं.

आकडी येणाऱ्या मुलाला पोहायला बंदी असतेच असं नाही. औषधांनी आकडी कितपत आटोक्यात आहे त्यावर डॉक्टर ठरवतात. पण पोहू द्यायचं ठरलं तर पाण्याजवळ एक मोठं माणूस फक्त त्याच्यावर नजर ठेवून हवं. दहा मुलांवर लक्ष ठेवणारा जीवरक्षक त्यासाठी पुरत नाही. पाण्यात आकडी आली तर आरडाओरडा होत नाही, मूल गुपचूप खाली जातं.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेनं बसवलेलं यंत्र) असलेल्या मुलाचा यंत्राचा कानामागचा भाग पोहताना सहसा काढून ठेवतात, म्हणजे त्या वेळात त्याला शिट्टीही ऐकू येत नाही आणि नावानं मारलेली हाकही. हाताची ठरलेली खूण किंवा रंगीत फळी आधीच पक्की करावी लागते. दमा असेल तर इनहेलर मैदानावर हवा. कुलूपबंद कपाटातला इनहेलर कामाचा नाही. डोक्यात पाण्याचा दाब कमी करणारी नळी बसवलेली असेल तर डोक्याला मार बसू शकणाऱ्या खेळांबद्दल शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जात असाल तर त्यांनाही पान दाखवा. बसून जमतं पण उभ्यानं तोल जातो, उजव्या हातानं पकडता येतं पण सोडता येत नाही, असे बारकावे त्यांच्या लक्षात असतात.

तिसरी पायरी: कोणत्या तऱ्हेचा वर्ग हवा

ढोबळमानानं चार तऱ्हा आहेत. सगळ्या मुलांचा एकत्र वर्ग. एकत्र वर्गच, पण तुमच्या मुलासाठी एक जादा मदतनीस. फक्त वेगळ्या गरजा असलेल्या मुलांचा वर्ग. आणि दोन्ही प्रकारच्या मुलांचा मुद्दाम जुळवलेला संघ. या चौथ्या प्रकाराचं नाव घेण्याजोगं उदाहरण म्हणजे १९६८ साली शिकागोत पहिल्या स्पर्धा घेणारी स्पेशल ऑलिंपिक्स ही चळवळ. तिच्या "युनिफाइड" संघांत बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच बाजूनं खेळतात.

स्वतंत्र वर्ग म्हणजे कमीपणा, हा समज मनातून काढून टाका. काही मुलांना आधी शांत, लहान गटात हातपाय मोकळे करायला मिळाले की मग मोठ्या गटात जायची हिंमत येते. काहींना स्वतंत्र गटच आवडतो आणि ते तिथेच रमतात. उलट नुसतं सगळ्यांमध्ये उभं केलं म्हणजे मूल सामील झालं असंही नाही. माझा मुलगा "सगळ्यांच्या" वर्गात होता आणि शंकू रचत होता.

खेळ बदलून घेण्यात काही वावगं आहे असंही वाटू देऊ नका. २९ जुलै १९४८ ला इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकची मुळं तिथे आहेत. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात. नियमात फरक म्हणाल तर जवळजवळ एवढाच, आणि तेवढ्यानं खुर्चीतला खेळाडू उभ्यानं खेळणाऱ्याबरोबर एकाच कोर्टवर खेळू शकतो. गोलबॉल या दृष्टिहीनांच्या खेळात चेंडूत घुंगरू असतात आणि सगळेच डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा एका पातळीवर येतात. बोचिया या नेम धरून चेंडू टाकायच्या खेळातला नियम मला सगळ्यात आवडतो. ज्याला हातानं चेंडू टाकता येत नाही तो उतरत्या पन्हळीवरून सोडतो आणि पन्हळ हलवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो. कुठे नेम धरायचा ते खेळाडूच सांगतो. मदत आणि ढवळाढवळ यांतला फरक इतका नेमका मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. तुमच्या मुलाला मिळणाऱ्या मदतनिसाकडेही याच नजरेनं बघा.

चौथी पायरी: फोन

तीन-चार क्लासना फोन करा आणि शक्यतो शिकवणाऱ्याशीच बोला. नोंदणी करणाऱ्या माणसाला मैदानावरचं माहीत नसतं. थोडक्यात विचारा: एका कोचमागे किती मुलं? मदतनीस आहे का, आणि तो रजेवर गेला तर कोण? अशा मुलांबरोबर आधी काम केलं आहे का? एखाद्याला ठरलेला सराव जमला नाही तर काय करता? बघायला येता येईल का?

उत्तरांइतकंच लक्ष पलीकडून येणाऱ्या प्रश्नांकडे असू द्या. "त्याला काय आवडतं?", "आवाजाचा त्रास होतो का?" असं कोणी विचारलं तर त्या माणसाला भेटायला जा. "मला याचा अनुभव नाही, पण तुम्ही सांगाल तसं शिकून घेईन," असं म्हणणारे कोच मला अनुभवाच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरवशाचे वाटतात. "आमच्याकडे भेदभाव नाही, सगळ्यांना सारखंच शिकवतो," या वाक्याला मात्र थांबा. सारखंच शिकवलं तर माझ्या मुलाला शिट्टीही सारखीच ऐकावी लागणार.

आणि आवाजात अजिजी आणू नका. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या ३० व्या कलमात, अपंग मुलांना खेळ, करमणूक आणि क्रीडा यांत इतर मुलांच्या बरोबरीनं भाग घेता यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

पाचवी पायरी: मुलाशिवाय एकदा बघून या

या पायरीला वेळ द्या. निवड खरी इथेच होते. पूर्ण एक तास बसा, मोबाइल पिशवीत ठेवा आणि हातात घड्याळ असू द्या. गटातलं सगळ्यात मागे पडणारं एक मूल निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. ते किती मिनिटं हलतंय, चेंडूला किती वेळा हात किंवा पाय लागतोय, ते मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना, अपंगत्व असलेल्या मुलांनाही, रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. आणि तासाच्या क्लासात त्या मुलाचं घड्याळ नऊ मिनिटांवर थांबत असेल, तर उरलेला वेळ ते काय करत होतं?

बहुतेक वेळा ते रांगेत असतं. बारा मुलांची एक रांग आणि एक चेंडू, अशा सरावात प्रत्येकाची पाळी काही सेकंदांची आणि वाट बघणं मिनिटांचं. वाट बघणं ज्याला सगळ्यात अवघड जातं तेच मूल मग रांग मोडतं आणि ओरडा खातं. चांगले कोच रांगा छोट्या ठेवतात, तीन-तीनचे गट पाडतात, जास्त चेंडू काढतात. दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे "बाद झाला की बाहेर" असे खेळ. त्यात सगळ्यात हळू असणारं मूल सगळ्यात आधी बाहेर पडतं, म्हणजे ज्याला सरावाची जास्त गरज तोच जास्त बसतो. बाद झाल्यावर दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा आत यायचा नियम केला की हा प्रश्न संपतो. संघ कसे पाडतात तेही बघा. दोन कप्तानांनी एकेक नाव उचलायचं असेल तर शेवटी कोण उरतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग बघा, जमत नाही तेव्हा काय होतं. मी एका हॉलमध्ये पाहिलेलं सांगते. चेंडू झेलायचा सराव होता. एका मुलीच्या हातातून चेंडू सहा वेळा निसटला. कोच तिच्याजवळ गेल्या, गुडघ्यावर बसल्या, काही बोलल्या नाहीत. खिशातून फुगा काढून फुगवला आणि तिच्याकडे उडवला. फुगा हळू येतो, हात जुळवायला वेळ मिळतो. तिनं तो झेलला. चौथ्या खेपेला फुग्याच्या जागी हलका मोठा चेंडू आला. तोवर शेजारच्या दोन मुलांनी फुगा पळवला होता आणि तेही तसंच खेळत होते. मुलीला वेगळं काढलंय असं कोणालाच वाटलं नाही. मी त्याच संध्याकाळी नाव घातलं.

प्रशिक्षकांमध्ये यासाठी "स्टेप" नावाची एक चौकट प्रचलित आहे. तिच्यात चार गोष्टी बदलून बघायच्या असतात: जागा, कृती, साहित्य आणि माणसं. अंतर कमी करा, उभ्याऐवजी बसून करू द्या, चेंडू बदला, जोडीदार बदला. कोचना हे नाव माहीत नसलं तरी चालेल, पण या चारांपैकी किमान दोन गोष्टी बदलताना ते तासाभरात दिसायला हवेत.

जागाही डोळ्यांखालून घाला. बंदिस्त हॉलमध्ये शिट्टी घुमते का? मैदानाचं फाटक रस्त्यावर उघडतं का आणि ते लावलेलं असतं का? पळून जायची सवय असलेल्या मुलाच्या बाबतीत, विशेषतः जवळ पाणी असेल तर, हा जिवाचा प्रश्न आहे. खुर्ची आत जाईल एवढं स्वच्छतागृहाचं दार रुंद आहे का? दमलेल्या मुलाला बसायला शांत कोपरा आहे का, आणि तो कोपरा कोचच्या नजरेत आहे का?

काही गोष्टी दिसल्या तर पुढे विचारच करू नका. पालकांना कधीच बघू न देणं, शिक्षा म्हणून पळायला लावणं, मुलाची सगळ्यांसमोर नक्कल किंवा टवाळी, बंद दाराआड एकट्या मुलाला शिकवणं, न सांगता अंगाला हात लावून हातपाय वळवणं.

सहावी पायरी: मुलाला घेऊन

आधी मैदान रिकामं असताना एकदा फिरवून आणा. मूल चित्रांवरून समजत असेल तर फाटक, कोच, बसायची जागा, स्वच्छतागृह यांचे फोटो क्रमानं दाखवा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुरेत. मजा चालू असतानाच निघा, म्हणजे पुढच्या वेळी पाय तिकडे वळतो. पहिल्या दिवशी मूल रडलं किंवा नुसतं बघत बसलं, यावरून काहीच ठरवू नका. काही मुलं दोन-तीन तास फक्त बघतात आणि घरी येऊन तेच सगळं करून दाखवतात.

सातवी पायरी: ठरलेलं लिहून घ्या

कोचबरोबर बसून मुलाचं पान वाचा. "वाचून घ्या" म्हणून देऊन येऊ नका, ते फाइलमध्ये जातं. मग ठरवा: गरज पडली तर औषध कोण देणार, कोणाला फोन करायचा, कपडे बदलायला मदत कोण करणार आणि तेव्हा दुसरं कोणी जवळ असेल का, फोटो काढून कुठे टाकायचे की नाही. बाकीच्या मुलांना काय सांगायचं हेही ठरवा, आणि मूल मोठं असेल तर ते त्याला विचारून. "मोठ्या आवाजानं त्याचे कान दुखतात" एवढं मुलांना पुरतं.

मदतनीस म्हणून आईनं किंवा बाबांनीच थांबावं असं क्लासनं सुचवलं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरतं ठीक आहे. कायमचं मान्य करू नका. आई मैदानात उभी असताना कोच आईशी बोलतात आणि मुलं त्या मुलाशी खेळायला बिचकतात. मी हे करून बसले आहे.

आठवी पायरी: सहा ते आठ आठवडे

एवढा अवधी द्या आणि मधेमधे न सांगता थोडं लवकर जाऊन बघा. किती शिकला यापेक्षा किती वेळ खेळला, कोणी त्याला नावानं हाक मारतं का, क्लासच्या दिवशी सकाळी त्याचा चेहरा कसा असतो, हे टिपा. झोप उडणं, पोटात दुखतंय म्हणणं, क्लासचे कपडे लपवणं, असं सलग दोन आठवडे झालं तर कोचशी बोला. बोलल्यावर काहीतरी बदललं तर थांबा. "हळूहळू सवय होईल" एवढंच पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल तर बाहेर पडा. भरलेल्या फीचा विचार त्यात आणू नका. सोडताना मुलाला मित्रांचा निरोप घेऊ द्या आणि पान परत मागून घ्या.

राहायचं ठरलं तर दर सहा महिन्यांनी ते पान मुलाबरोबर बसून नव्यानं लिहा. मागच्या खेपेला माझ्या मुलानं शिट्टीची ओळ खोडायला लावली आणि तिच्या जागी लिहून घेतलं, "मला गोलमध्ये उभं करू नका, मला पळायचंय." ते पान दुसऱ्या दिवशी त्यानंच कोचच्या हातात दिलं.